घाईच्या दिवसाचे घरचे जेवण : व्यापाऱ्याने मांडायचा एक हिशेब

कापडाच्या धंद्यात आम्ही मीटर मोजतो आणि त्याचे सेंटिमीटरही मोजतो. ताग्याच्या शेवटी राहिलेला तुकडाही कटपीसमध्ये विकतो. उधारीची वही, नोकराची उचल, वाहतुकीचे भाडे, सगळे लिहिलेले असते. मात्र दुपारी दुकानात काय खाल्ले, त्याला किती पैसे गेले आणि घरात ते रांधायला कोणाचे किती तास गेले, याची नोंद एकाही वहीत सापडत नाही. या पानावर भाव, कर आणि कर्ज यांबद्दल नेहमीच लिहिले जाते. आज आम्ही डब्याबद्दल लिहीत आहोत, कारण आमच्या मते तोही धंद्याचाच विषय आहे.

गल्ल्यातून जाणारा पैसा

आधी सरळ हिशेब मांडू. समजा, एका दुकानात मालक धरून चार माणसे आहेत. दुपारी प्रत्येकासाठी बाहेरून ४० रुपयांचे समोसे, वडे किंवा दुसरे काही आले, तर रोजचे १६० रुपये झाले. महिन्याचे २६ दिवस धरले तर ४,१६० रुपये आणि वर्षाचे ४९,९२० रुपये. घरून डबा आणला तरी डाळ-तांदूळ फुकट मिळत नाहीत, हे खरे. तरीही निम्मा खर्च वाचला तर वर्षाला २५ हजारांच्या आसपास रक्कम हातात राहते. लहान दुकानदाराला सणासुदीचा माल भरताना एवढ्याच रकमेची तंगी पडते आणि तो उधारीवर माल उचलतो.

दुसरा खर्च शरीराचा. आपला धंदा बैठकीचा आहे. गादीवर बसून दहा तास काढायचे आणि त्यात तळलेले खायचे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीचे २०२३ साली प्रसिद्ध झालेले आकडे सांगतात की देशात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे. बाजारपेठेत बसणाऱ्यांना हे वेगळे सांगावे लागू नये. कोणाच्याही गल्ल्याचे ड्रॉवर उघडा, रोखीच्या शेजारी गोळ्यांची पट्टी दिसेल.

घरचे अन्न कामाच्या जागी पोहोचवणे एवढ्याच गरजेवर मुंबईत एक मोठा धंदा उभा राहिला. महादू हावजी बच्चे यांनी १८९० च्या सुमारास डबे पोहोचवण्याचे काम सुरू केले आणि डबेवाल्यांची ती परंपरा सव्वाशे वर्षांहून अधिक टिकली. तिथे लोकल गाडीने कित्येक मैलांवरून डबा येई. आपल्या तिरोड्यात दुकान आणि घर यांच्यात बहुतेकांना सायकलवर दहा मिनिटेही लागत नाहीत. तरी डबा येत नाही. तेव्हा अडचण अंतराची नाही. सकाळी घरात स्वयंपाक वेळेवर होत नाही, ही खरी अडचण आहे.

वेळ कोणाची जाते?

स्वयंपाक वेळेवर का होत नाही, याचे उत्तर बहुतेक पुरुष लगेच देतात : "घरच्या बायका उठत नाहीत." हे उत्तर चुकीचे आहे, आणि धंद्याच्या दृष्टीनेही ते महागात पडणारे आहे.

आपल्या भागात असंख्य घरांत बाईचा हात कमावता आहे. भंडारा-गोंदियाकडे विडी वळणारी बाई हजारावर मेहनताना घेते. चुलीपुढे गेलेला प्रत्येक तास तिच्या हजारातून कमी होतो. आमच्याच धंद्यात पाहा. साडीला फॉल-पिको, ब्लाऊज, सलवार-कमीज, लहान मुलांचे कपडे ही कामे घराघरांत शिवली जातात. लग्नसराईत गिऱ्हाईक उद्याचा वायदा मागते आणि शिवणारी बहीण सांगते, "सकाळी दोन वेळचा स्वयंपाक केला, म्हणून मशीनवर बसायला बारा वाजले." तिचा तास वाचला तर तिची मजुरी वाढते आणि आपला वायदा पाळला जातो. म्हणून झटपट स्वयंपाक ही केवळ बायकांच्या सोयीची गोष्ट नाही. घराच्या मिळकतीशी तिचा सरळ संबंध आहे.

रमजानमध्ये जमते, मग नंतर का नाही?

हे आपल्याला जमणार नाही असे कोणी म्हणू नये. रमजानच्या महिन्यात प्रत्येक घर हेच करून दाखवते. रात्रीच चणे भिजत पडतात, मसाला वाटून ठेवला जातो, सहरीला काय आणि इफ्तारला काय हे आदल्या दिवशी ठरलेले असते. पहाटे अर्ध्या-पाऊण तासात सगळ्यांचे जेवण होते. मुलेही दस्तरखान अंथरायला धावतात. ईद झाली की हे सगळे नियोजन मोडते आणि पुन्हा रोज सकाळी नऊला प्रश्न पडतो की आज काय करायचे. महिनाभर जी शिस्त पाळली, ती बाकीच्या अकरा महिन्यांत निम्मी जरी ठेवली तरी काम भागते.

आमचे सांगणे एवढेच : जेवण लवकर होते ते जोरात आच लावल्याने नव्हे, आदल्या दिवशीच्या तयारीने. दुकानात माल भरलेला असेल तर गिऱ्हाईक पाच मिनिटांत निघते. माल नसेल तर तास घालवूनही परत जाते. स्वयंपाकघराचेही तसेच आहे.

आठवड्याचा माल भरून ठेवा

आठवडी बाजाराच्या दिवशी किंवा दुकानाच्या सुट्टीला दोन तास काढून पुढील तयारी करावी.

एक, कांदा. दोन किलो कांदा उभा चिरून एकदाच लालसर तळून ठेवावा. तेल निथळून, गार करून कोरड्या डब्यात ठेवला की आठवडाभर सालन, तहरी, डाळ सगळ्याला चालतो. रोज कांदा भाजण्यात जाणारी पंधरा-वीस मिनिटे वाचतात.

दोन, आले-लसणाचे वाटण. थोडे मीठ घालून काचेच्या स्वच्छ बरणीत भरावे आणि फ्रिजमध्येच ठेवावे. बाहेर ठेवू नये. फ्रिज नसेल तर दोन दिवसांपुरतेच वाटावे.

तीन, टमाटर स्वस्त असतील तेव्हा उकडून, आटवून ठेवावेत. सांबार निवडून, कोरड्या फडक्यात गुंडाळून ठेवला की लवकर सडत नाही.

चार, आठवड्याच्या जेवणाची यादी कागदावर लिहून स्वयंपाकघरात चिकटवावी. "काय करू?" या प्रश्नातच बराच वेळ जातो.

कुकर, तांदूळ आणि डाळ

कुकरची कल्पना जुनी आहे. दनी पापँ या फ्रेंच माणसाने १६७९ साली लंडनमध्ये वाफ कोंडणारे भांडे दाखवले होते. आपल्याकडे कुकर घरोघरी गेला तो १९५९ नंतर. मुंबईची हॉकिन्स कंपनी त्याच वर्षी स्थापन झाली. उघड्या भांड्यात पाणी १०० अंशांवर उकळते. कुकरमध्ये वाफ कोंडल्यामुळे उष्णता १२० अंशांच्या जवळ जाते, म्हणून अन्न लवकर शिजते. पण पुष्कळ घरांत कुकरमध्ये एकच जिन्नस शिजवला जातो. खाली डाळ, वरच्या डब्यात भात आणि त्यावर बटाटे ठेवले तर एकाच आचेवर तीन कामे होतात. शिटी आल्यावर आच कमी करावी. मोठ्या आचेने फक्त गॅस जळतो.

आपला जिल्हा धानाचा. घरात तांदूळ कोणता यावरही वेळ ठरते. उसना तांदूळ पौष्टिक खरा, पण त्याला शिजायला जास्त वेळ लागतो. घाईच्या दिवशी बारीक दाण्याचा तांदूळ बरा. आपण ज्याला एचएमटी म्हणतो ते वाण चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे शेतकरी दादाजी खोब्रागडे यांनी निवड करून तयार केले. त्या वेळच्या लोकप्रिय घड्याळावरून त्याला हे नाव पडले. २०१८ साली ते वारले. अल्पभूधारक शेतकऱ्याच्या मेहनतीचा हा तांदूळ आज मोठमोठ्या दुकानांत विकला जातो.

डाळीत मसूर सर्वांत सोयीची. न भिजवता लवकर शिजते. बांधीच्या धुऱ्यावरची तूर अर्धा तास भिजवली तर गॅस वाचतो. चणे आणि राजमा रात्रभर भिजलेच पाहिजेत.

पाच दिवसांचे पाच बेत

पहिला दिवस, तहरी. दोन वाट्या तांदूळ, बटाट्याच्या फोडी, मिळाल्यास मटार, तळलेला कांदा, एक चमचा वाटण, हळद, तिखट, गरम मसाला आणि साडेतीन वाट्या पाणी. कुकरच्या दोन शिट्या. सोबत दही.

दुसरा दिवस, मसूर डाळ आणि अंडी. डाळ शिजते तोवर दुसऱ्या भांड्यात अंडी दहा मिनिटे उकडावीत. डाळीला लसणाची फोडणी द्यावी. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिने असतात, म्हणजे मटण नसले तरी अंगात ताकद येते.

तिसरा दिवस, चण्याचे सालन. रात्री भिजवलेले चणे, आटवलेला टमाटर आणि तळलेला कांदा. पोळीबरोबर डब्यात न्यायला उत्तम, कारण गळत नाही.

चौथा दिवस, खिमा-आलू. बोटीपेक्षा खिमा फार लवकर शिजतो आणि कमी मटणात जास्त माणसे जेवतात. हा किफायतीचा बेत आहे.

पाचवा दिवस, मासे. आपल्या तालुक्यात बोदलकसा, चोरखमारा यांसारखे तलाव आहेत. ताजा रोहू किंवा कतला मिळाला की पंधरा मिनिटांत रस्सा तयार होतो. मासे मात्र त्याच दिवशी संपवावेत.

उरलेल्या दिवसासाठी मुगाची खिचडी आणि टमाटरची चटणी आहेच. गांधीबागेत माल आणायला सकाळच्या गाडीने नागपूरला जायचे असेल, त्या दिवशी आम्ही कोरडी पोळी, अंड्याची भुर्जी आणि जवसाची चटणी बांधून नेतो. प्रवासात न बिघडणारा डबा हवा असेल तर भुर्जीही वगळून चटणीच घ्यावी.

दोन सावधगिरीच्या गोष्टी

पहिली : रात्रीचा भात कुकरमध्येच झाकून ठेवून सकाळी डब्यात भरू नये. कोमट भातात वाढणारे काही जंतू असे विष तयार करतात की नंतर गरम केले तरी ते जात नाही. उरलेला भात परातीत पसरून लवकर गार करावा आणि फ्रिजमध्ये ठेवावा.

दुसरी : स्वस्त म्हणून लाखोळीची डाळ रोज खाऊ नये. महिनोन्महिने तीच मुख्य अन्न म्हणून खाल्ली तर पायांचा लकवा होऊ शकतो. याच कारणाने १९६१ पासून देशाच्या बऱ्याच भागांत तिच्या विक्रीवर बंदी होती. तुरीच्या डाळीत आणि बेसनात तिची भेसळही होते. म्हणून ओळखीच्या दुकानातूनच माल घ्यावा.

पुरुषांचा वाटा

शेवटचे सांगणे पुरुषांना आणि घरातल्या मुलांना आहे. आठवड्याची तयारी बाईच्या एकटीच्या डोक्यावर टाकली तर तिचा सुट्टीचा दिवसही गेला आणि तास काही वाचला नाही. दोन किलो कांदा सोलायला शाळेतल्या मुलांना बसवावे. लसूण मालकाने सोलावा. रात्री दुकानाचे शटर ओढून घरी आल्यावर चणे भिजवणे हे दोन मिनिटांचे काम आहे. जो माणूस शंभर ताग्यांची थप्पी नीट लावू शकतो, त्याला चार डबे भरणे अवघड नाही.

व्यापारी बांधवांनी एक महिना हा प्रयोग करून पाहावा. वहीच्या शेवटच्या पानावर दोन रकाने आखावेत : बाहेरच्या खाण्याचा खर्च आणि घरात मशीनवर किंवा सुपापुढे वाढलेले तास. महिनाअखेरीस बेरीज करावी. पहिला रकाना घटला आणि दुसरा वाढला, तर पुढच्या महिन्यात काय करायचे ते वहीच सांगेल.