सांगलीहून सिलचरला

बहुतेक मराठी घरांत हिंदुस्थानच्या नकाशाची आठवण वर्षातून एकदाच होते, आणि ती जून-जुलैत, बारावी झालेल्या मुलाच्या अगर मुलीच्या नावापुढे एखाद्या दूरच्या महाविद्यालयाचे नाव संगणकाच्या पडद्यावर उमटते तेव्हा. सांगलीत विश्रामबागेच्या आसपास राहणारी एक मुलगी कल्पनेने डोळ्यांपुढे आणा. घरापासून सायकलच्या टप्प्यात, १९४७ साली स्थापन झालेले आणि पुढे वालचंदांचे नाव धारण केलेले अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तेथे तिला यंत्रशाखेत जागा मिळण्याचा संभव आहे. तोच केंद्राच्या जागावाटपात तिला आसामातील सिलचरच्या एन.आय.टी.त इलेक्ट्रॉनिक्सची जागा मिळते. आजी विचारते, ‘हे सिलचर कुठे आले?’ आणि सगळे घर मोबाइलवर वाकून बांगलादेशाच्या पलीकडे, बराक नदीच्या काठी, ते गाव शोधू लागते.

या क्षणी ‘फ्रीझ’ करायचे की ‘फ्लोट’ असा वाद सुरू होतो. ज्यांना ही परिभाषा अपरिचित आहे त्यांच्यासाठी सांगतो: मिळालेली जागा पक्की करून पुढच्या फेऱ्यांतून बाहेर पडणे म्हणजे फ्रीझ, आणि ती हाती राखून वरच्या पसंतीची वाट पाहणे म्हणजे फ्लोट. यातली खरी अडचण अशी, की केंद्राच्या फेऱ्या बहुधा आधी आटोपतात आणि राज्याच्या प्रवेशफेऱ्या, म्हणजे ‘कॅप राउंड’, मागाहून चालतात, त्यामुळे सांगलीची जागा पदरात पडणार की नाही हे कळण्यापूर्वीच सिलचरच्या जागेचे पैसे भरण्याची मुदत येऊन ठेपते, आणि आयुष्याची चार वर्षे कोठे काढावीत हा प्रश्न तीन-चार दिवसांत, एकीकडे बापाचा रक्तदाब आणि दुसरीकडे नातलगांचे फोन सांभाळीत, सोडवावा लागतो.

मुळात ही जागा सांगलीच्या मुलीपर्यंत आलीच कशी, हे समजून घेण्याजोगे आहे. आय.आय.टी.त राज्यवार वाटणी नसते, एन.आय.टी.त मात्र निम्म्या जागा त्या त्या राज्यातील विद्यार्थ्यांसाठी आणि उरलेल्या निम्म्या बाहेरच्यांसाठी राखलेल्या असतात. ही निम्मेनिम वाटणी आजची नव्हे. १९५९ पासून देशात जी प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालये निघाली, त्यांच्या रचनेतच ती होती. आपल्या नागपूरचे महाविद्यालय १९६० चे, सिलचरचे १९६७ चे, आणि पुढे २००२ साली सिलचरच्या महाविद्यालयाला एन.आय.टी. हे नाव मिळाले. वारंगळच्या मुलाने नागपुरास आणि नागपूरच्या मुलाने सुरतेस शिकावे, ही त्या वाटणीत अभिप्रेत असलेली गोष्ट होती. म्हणजे आज ज्या स्थलांतराने घरोघरी झोप उडते, ते धोरण म्हणून ठरवून घडविलेले आहे.

परंतु धोरण ठरविणाऱ्याला रात्री अकरा वाजता ताप भरत नाही. तो विद्यार्थ्याला भरतो. दूर जाण्याचा विचार करताना महाविद्यालयाचा क्रमांक, शाखा, नोकरीचे आकडे यांचा जेवढा ऊहापोह होतो, त्याच्या चतुर्थांशानेही या तापाचा होत नाही, आणि माझ्या मते संपूर्ण निर्णयाची किल्ली तेथेच आहे. मैलांना भिण्याचे कारण नाही. मैलांच्या त्या टोकाला आपली तजवीज काय आहे हे मात्र पाहिले पाहिजे.

आपल्या समाजाला हे एके काळी पक्के ठाऊक होते. कोकणातून किंवा देशावरच्या खेड्यांतून पुण्यास शिकायला येणारा गरीब मुलगा सात घरी सात वार लावून जेवत असे, किंवा माधुकरी मागत असे. त्या अन्नात अपमानाचा अंश असे यात शंका नाही, आणि त्या घरांच्या उंबरठ्यावर जातही उभी असे. परंतु सोमवारचा मुलगा सोमवारी आला नाही, तर तो का आला नाही याची चौकशी करणारे एक घर तरी असे. ज्यांना त्या उंबरठ्याच्या आत प्रवेशच नव्हता, त्यांच्यासाठी शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ पासून वसतिगृहे उभी केली. पुण्यात १९०९ साली अनाथ विद्यार्थी गृह निघाले. साताऱ्यास भाऊराव पाटलांनी १९२४ साली निरनिराळ्या जातींच्या मुलांना एका पंगतीस बसविणारे वसतिगृह चालविले. १९५५ साली पुण्यातच विद्यार्थी सहायक समिती सुरू झाली. हा इतिहास शिक्षणाचा म्हणून सांगितला जातो. तो मुक्कामाच्या व्यवस्थेचाही आहे.

समुद्रापार जाणाऱ्यांचीही हीच कथा आहे. १८८३ साली अठरा वर्षांच्या आनंदीबाई जोशी कोलकात्याहून अमेरिकेच्या प्रवासास निघाल्या तेव्हा त्यांच्या धैर्याचे कौतुक झाले, आणि ते यथार्थच होते. परंतु त्या निघण्यापूर्वी कित्येक महिने न्यू जर्सीतल्या कार्पेंटर बाईंशी त्यांचा पत्रव्यवहार चालू होता, आणि बंदरावर उतरल्यावर त्यांना घ्यायला माणूस होते. एवढे असूनही तेथील थंडी आणि आहार त्यांच्या प्रकृतीस मानवला नाही. त्या डॉक्टर होऊन परतल्या आणि १८८७ साली पुण्यात वारल्या. मुलींना दूर पाठवू नये असा अर्थ यातून काढणारे लोक मला भेटले आहेत. मुलाच्या बाबतीत ‘फ्लोट’ आणि मुलीच्या बाबतीत ‘फ्रीझ’ करणाऱ्या या मंडळींस माझे एवढेच सांगणे आहे, की प्रकृतीची काळजी खरी असेल तर ती मुलाच्या बाबतीतही तितकीच केली पाहिजे.

आता सिलचरकडे वळू. मिरजेहून थेट गाडी नाही. पुणे किंवा मुंबई गाठून गुवाहाटीस जाण्यातच दोन दिवसांहून अधिक मोडतात. तेथून लमडिंगमार्गे डोंगरातून बदरपूर आणि मग सिलचर. हा डोंगरी मार्ग २०१५ साली रुंद झाला, तोपर्यंत तेथे मीटर गेजची छोटी गाडी चाले. पावसाळ्यात त्या मार्गावर दरडी कोसळतात. मे २०२२ मध्ये न्यू हाफलाँग स्थानकच चिखलाखाली गेले होते आणि दळणवळण तुटले होते. विमान आहे, कुंभीरग्रामच्या विमानतळावर उतरते, पण ऐन वेळचे तिकीट मध्यमवर्गीय घराला परवडेल याची शाश्वती नाही. घरी कोणी अत्यवस्थ झाल्यास मुलगी किती तासांत पोहोचेल, आणि ती अत्यवस्थ झाल्यास आपण किती तासांत पोहोचू, हे दोन आकडे कागदावर लिहून ते सर्वांनी मोठ्याने वाचावेत. ते वाचूनही मन ठाम राहिले, तर तो ठामपणा भरवशाचा.

या गावाविषयी एक गोष्ट मात्र सांगली-मिरजेच्या वाचकांना जवळची वाटेल. सिलचरची भाषा सिलेटी वळणाची बंगाली आहे. आसामात असमिया हीच एकमेव राजभाषा करण्याच्या कायद्याविरुद्ध तेथे आंदोलन झाले, आणि १९ मे १९६१ रोजी सिलचरच्या रेल्वे स्थानकावर झालेल्या गोळीबारात अकरा जण मृत्युमुखी पडले. भाषेसाठी रक्त सांडून मिळालेल्या महाराष्ट्र राज्याला त्या वेळी जेमतेम एक वर्ष झाले होते. मुंबईच्या हुतात्मा चौकाचे मोल जाणणाऱ्या घरातील मुलगी त्या स्थानकावर उतरेल तेव्हा, कोणी तिला ते सांगितले तर, ते गाव तिला सर्वस्वी परके वाटणार नाही. आणखी एक मौज अशी, की आपण कोजागरीला दूध आटवतो त्या रात्री तिकडे लक्ष्मीपूजा असते, आणि आपल्या लक्ष्मीपूजनाच्या रात्री तिकडे कालीपूजा. दिवाळीला घरी येण्याचा हट्ट त्यामुळे पहिल्या वर्षी तरी सोडून द्यावा लागण्याचा संभव आहे. तिकडचा मोठा सण दुर्गापूजेचा.

अशा आवारांत मराठी मुलांचा एखादा गट असतोच. गणपती बसतो, शिवजयंती होते. पहिल्या महिन्यात या गटाचा आधार मोलाचा आहे, कारण ताप भरल्यावर कपाळावर हात ठेवणारे माणूस तेथूनच मिळते. परंतु चार वर्षे त्याच खोलीत, त्याच भाषेत, त्याच चिवड्यावर काढायची असतील, तर एवढा प्रवास कशासाठी केला हा प्रश्न उरतो. बाहेर जाणाऱ्याने निम्मे जेवण तरी परक्या पंगतीत घ्यावे.

पैशाचा हिशोब थोडक्यात सांगतो, कारण तो घरोघरी चोख होतोच. एन.आय.टी.चे शिक्षणशुल्क २०१६ च्या निर्णयानुसार वर्षास सव्वा लाख ठरले. अनुसूचित जाती-जमातींच्या आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना ते पूर्ण माफ आहे. कौटुंबिक उत्पन्न एक लाखाच्या आत असल्यासही पूर्ण माफी, आणि पाच लाखांच्या आत असल्यास दोन-तृतीयांश माफी आहे. त्यावर वसतिगृह, मेस आणि प्रवास. घरचा डबा नेऊन सायकलने महाविद्यालयात जाणाऱ्या मुलीशी याची तुलना करताना हिशोबात फक्त रुपये धरू नयेत, पण रुपये विसरूही नयेत.

कागदपत्रांविषयी अधिक बोलले पाहिजे, कारण तेथे अब्रूदार, सुशिक्षित घरेही ठेचकाळतात. धोंडो केशव कर्वे लहानपणी सहावीच्या सार्वजनिक परीक्षेसाठी मुरूडहून घाट चढून साताऱ्यास पायी गेले, सुमारे ११० मैल, आणि तेथे पोहोचल्यावर, परीक्षेस लागणारी सतरा वर्षे पुरी झालेली दिसत नाहीत म्हणून त्यांना परत पाठविण्यात आले. आज वयाचा वाद होत नाही. जातीच्या दाखल्याचा होतो. महाराष्ट्रात जे विद्यार्थी भटक्या जमाती किंवा विशेष मागास प्रवर्ग म्हणून प्रवेश घेतात, त्यांतील अनेकांची नोंद केंद्राच्या यादीत इतर मागासवर्गात असते. त्यासाठी केंद्राच्या नमुन्यातला, चालू आर्थिक वर्षाचा नॉन-क्रीमीलेअर दाखला तहसील कचेरीतून वेगळा काढावा लागतो. राज्याचा दाखला घेऊन गुवाहाटीपर्यंत गेलेल्याला त्याचा उपयोग नाही. अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना केंद्रीय संस्थांत देशभर सवलत मिळते, परंतु दुसऱ्या राज्याच्या स्वतःच्या महाविद्यालयात मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९० साली हे स्पष्ट केले, आणि ते प्रकरण मुंबईतल्याच वैद्यकीय प्रवेशाचे होते: आंध्रातून वडिलांच्या नोकरीमुळे मुंबईस आलेल्या एका विद्यार्थ्याला येथे अनुसूचित जमातीची जागा नाकारण्यात आली होती. जे पालक मुलाला दहावीनंतरच बाहेरच्या राज्यात पाठवितात, त्यांनी हेही लक्षात ठेवावे, की महाराष्ट्रातल्या वैद्यकीय महाविद्यालयांत राज्याच्या कोट्यातून परतायचे तर दहावी-बारावी येथूनच झालेली लागते. दोन वर्षांच्या हौसेपायी परतीचे दार असे बंद झालेले अनेकांना फार उशिरा कळते.

मग जावे की न जावे? जो विषय आपल्या राज्यात त्या पातळीवर शिकविलाच जात नाही, त्यासाठी अंतराचा विचारच करू नये. संख्याशास्त्राची ओढ असलेल्या मुलाने महालनोबिसांनी १९३१ साली स्थापलेल्या कोलकात्याच्या संस्थेत जागा मिळाल्यास बॅग भरावी. अंतराळ-तंत्राचे वेड असलेल्याने तिरुवनंतपुरमची अंतराळ-तंत्राची संस्था गाठावी. उलट, जी सामान्य पदवी कोल्हापुरातही मिळते आणि दिल्लीतही, तिच्यासाठी केवळ दिल्लीच्या नावावर घर सोडणे मला उधळपट्टी वाटते. आमच्या सांगलीच्या मुलीचे प्रकरण या दोहोंच्या मधले आहे, आणि अशा मधल्या प्रकरणांतच खरी कसोटी असते. तिला इलेक्ट्रॉनिक्सच हवे असेल, सुट्टीत ती जुने रेडिओ उघडून बसत असेल, तर तिने सिलचरला जावे. ‘एन.आय.टी.’ या तीन अक्षरांखेरीज दुसरे काही कारण तिला सांगता येत नसेल, तर वालचंदची वाट पाहावी. मात्र हे कारण तिने सांगितले पाहिजे. काकांनी, शिकवणीच्या सरांनी किंवा शेजारच्या आय.आय.टी.त गेलेल्या मुलाच्या आईने नव्हे.

जाण्याचे ठरले, तर निघण्याआधी तिने तेथील एका वरच्या वर्गातील मराठी आणि एका बंगाली विद्यार्थिनीशी फोनवर बोलून घ्यावे, आणि आजारी पडल्यास पहिला फोन कोणाला करायचा ते नाव वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे. मूळ दाखले तपासणीनंतर परत मागून घ्यावेत. ते अडकवून ठेवण्यास विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ सालीच मनाई केली आहे. आणि सुट्टीत घरी येताना स्लीपरच्या भाड्यात विद्यार्थ्यांना निम्मी, अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना पाऊण सवलत रेल्वे देते. त्या अर्जावर संस्थाप्रमुखाची सही-शिक्का लागतो. तो अर्ज तिकडे रुजू झाल्याच्या पहिल्याच महिन्यात भरून ठेवावा.