लयबद्ध उड्यांमधील पोटरीचे स्नायू व प्रतिक्षिप्त क्रिया

दोरीवरच्या उड्या मारताना पाऊल टेकताच पोटरीचा स्नायू ताणला जातो आणि प्रतिक्षिप्त क्रियेने आकुंचन पावून शरीराचा भार झेलतो, असे स्पष्टीकरण सर्रास दिले जाते. ते अपुरे आहे. मेलविल जोन्स व वॉट यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत या स्नायूची विद्युत्-क्रिया पाऊल टेकण्यापूर्वीच सुरू झालेली आढळली. ताण बसल्यापासून स्नायूचा उपयुक्त प्रतिसाद मिळण्यास सुमारे १२० मिलिसेकंद लागत. आघात झेलण्यास तो उशिराच ठरे. अर्थात ही तयारी मज्जासंस्थेने शरीर हवेत असतानाच, पूर्वानुभवाच्या आधारे केलेली असते. अंधारात जिन्याची एक पायरी अधिक निघाली की बसणारा हिसका आठवावा. तेथे पूर्वतयारीची वेळच चुकलेली असते.

मग प्रतिक्षिप्त क्रियेचे कार्य कोणते? मोकळेपणाने उड्या मारणारी माणसे सेकंदाला साधारण दोन उड्यांची लय धरतात. या लयीत तो उशिराचा प्रतिसाद नेमका पुढील उडीच्या रेट्याला साहाय्य करतो, असे या संशोधकांचे प्रतिपादन होते. नंतरच्या अभ्यासांत मेरुरज्जूमार्गे ४० ते ५० मिलिसेकंदांत येणारा त्वरित प्रतिसादही दिसून आला. त्याने स्नायूचा ताठपणा टिकतो आणि टाचेमागील कंडरा स्प्रिंगप्रमाणे ताणली जाऊन ऊर्जा साठवते व परत देते. लय फार मंदावली, तर या साठवणुकीचा लाभ घटतो आणि प्रत्येक उडीमागे स्नायूंना अधिक श्रम पडतात.