संगणक आणि प्रिंटर : एका तारेवरील संवाद

बाजार समितीच्या वजनकाट्यावर वाहन चढते आणि वजनाची छापील पावती शेतकऱ्याच्या हाती पडते. त्या पावतीवरील आकडे प्रिंटरपर्यंत अनेक ठिकाणी आजही एकाच तारेतून, एकामागून एक अशा संकेतांच्या रूपाने जातात. बँकांतील पासबुक छापणाऱ्या कित्येक यंत्रांतही हीच सोय असते. यास सिरियल जोडणी म्हणतात. अमेरिकेतील इलेक्ट्रॉनिक उद्योगांच्या संघटनेने १९६० साली तिच्यासाठी आरएस-२३२ हे मानक ठरविले.

केबल घट्ट बसली म्हणजे जोडणी पुरी झाली, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः दोन्ही यंत्रांनी काही संकेत आधीच समान मानलेले असावे लागतात. पहिला वेगाचा. तो बॉडमध्ये मोजतात. बोदो या फ्रेंच तारयंत्रतज्ज्ञाच्या नावावरून हा शब्द आला. एका अक्षरासाठी प्रारंभाचा एक, आशयाचे आठ व समाप्तीचा एक, असे दहा बिट लागतात. म्हणून ९६०० बॉडला सेकंदास ९६० अक्षरे जातात. संगणक ९६०० वर आणि प्रिंटर ४८०० वर असल्यास कागदावर निरर्थक चिन्हे उमटतात.

दुसरा संकेत मराठीच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. आशयाचे बिट सात की आठ? इंग्रजी अक्षरे सातांत, म्हणजे १२८ चिन्हांत, सहज मावतात. भारतीय लिप्यांसाठी १९९१ मध्ये निघालेल्या आयएस १३१९४ या मानकात देवनागरीचे स्थान मात्र १२८ च्या पलीकडे आहे. युनिकोडच्या प्रचलित यूटीएफ-८ पद्धतीतही देवनागरीस आठवा बिट लागतोच. अक्षरे चित्ररूपाने पाठविली तरी त्यातून सुटका नाही. सात बिटांच्या जोडणीवर इंग्रजी चाचणी निर्दोष छापली जाते आणि मराठी नावांचा विचका होतो. यास्तव चाचणीचा कागद मराठीतच छापावा.

पॅरिटी म्हणजे पडताळणीचा जादा बिट. एका अक्षरात एक बिट बिघडला तर तो चूक दाखवितो. दोन बिघडले तर फसतो.

सर्वांत घातक दोष ‘थांबा’ या सूचनेचा. छपाई संदेशाहून मंद असते. प्रिंटरची स्मृती भरली की तो वेगळ्या तारेने किंवा १९ क्रमांकाच्या चिन्हाने संगणकास थांबवितो आणि १७ क्रमांकाने पुन्हा सुरू करतो. दोन्ही टोकांस भिन्न रीत ठरविलेली असल्यास छोटी पावती बिनचूक निघते. लांबलचक यादीतील काही ओळी मात्र गळतात. कागद स्वच्छ दिसत असल्याने गळलेले नाव कोणाच्या ध्यानी येत नाही.

यंत्र बिघडल्याची तक्रार जाते, तंत्रज्ञाची वाट पाहण्यात दिवस मोडतात आणि दोष निघतो तो प्रिंटरच्या पाठीवरील नखाएवढ्या कळीत! पावती छापणाऱ्या पुष्कळ प्रिंटरांत कागद सरकविण्याचे बटण दाबून धरून वीज सुरू केल्यास यंत्र आपल्या जुळणीचा तपशील स्वतःच छापून देते. संगणकातील सिरियल पोर्टची जुळणी त्याच्याशी ताडून पाहावी. यूएसबी परिवर्तक वापरला तरी हे काम टळत नाही. तो कागद प्रिंटरवरच चिकटवून ठेवला तर नव्याने आलेल्या कर्मचाऱ्यासही तो उपयोगी पडतो.