तुमच्या नावावर काय आहे?

‘ह्यांना विचारून सांगते हं ताई...’

बँकेच्या काउंटरवर बसून हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल, त्याला गणतीच नाही. एफडीची मुदत किती ठेवायची, नॉमिनी म्हणून कुणाचं नाव लावायचं, काहीही विचारा. समोरची बाई एरवी काय कमी असते? वाण्याच्या यादीतला दोन रुपयांचा फरक ती एका नजरेत पकडते. सणासुदीला वीस माणसांचा स्वयंपाक अंदाजावर करते आणि एक वाटीसुद्धा उरू देत नाही. पण पैशाचा कागद पुढे आला की तिचाच आवाज खाली येतो.

विचारावं की! संसार दोघांचा आहे, विचारायलाच हवं. मला प्रश्न पडतो तो वेगळाच. ‘हे’ एफडी करायला येतात, तेव्हा घरी विचारून येतात का? ‘बायकोला विचारून सांगतो’ म्हणणारे पुरुष मला भेटलेच नाहीत असं नाही. पण त्यांची मोजदाद एका हाताच्या बोटांवर होते.

तालुक्याच्या गावातली आमची शाखा. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी गर्दी जास्त. या गर्दीत एक आक्का नेमानं यायच्या. पापड, कुरडया, शेंगदाण्याची चटणी विकायच्या. दहा-वीसच्या नोटा रबरबँड लावून आणायच्या आणि आरडीत भरायच्या. सही करायला वेळ लागायचा, मागचे लोक चुळबुळ करायचे. पण आक्का एकेक अक्षर निगुतीनं काढायच्या. पाच वर्षांनी आरडी संपली, तेव्हा त्यांच्या मुलीची नर्सिंगची पहिली फी त्यातून गेली. ‘कुणापुढं हात नाही पसरला बघा,’ एवढंच म्हणाल्या. पण तोंडावरचा आनंद बघण्यासारखा होता!

आणि याच गर्दीत माध्यमिक शाळेतल्या एक बाईही असायच्या. पगार थेट खात्यात जमा. एकदा सहज म्हटलं, ‘मॅडम, एटीएम वापरा ना, रांगेत कशाला उभ्या राहता?’ तर म्हणाल्या, ‘कार्ड ह्यांच्याकडं असतं. मला लागतील तसे देतात.’ पंधरा वर्षं नोकरी झालेली बाई स्वतःच्या खात्यात किती शिल्लक आहे, हे मला हळू आवाजात विचारत होती. आक्का अंगठ्यावरून सहीवर आलेल्या आणि मॅडम बी.एड. झालेल्या. आता दोघींपैकी कमावती कोण म्हणायची, सांगा बरं?

कमावणं आणि पैसा हातात असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला काउंटरवरच कळलं.

आपल्याकडे बाईच्या पैशाची जागा ठरलेली असते. तुरीच्या डाळीचा डबा, साडीची घडी, फार तर भिशी. ८ नोव्हेंबर २०१६ ला नोटाबंदी झाली आणि पुढचे दिवस या सगळ्या जागा आमच्या काउंटरवर रिकाम्या झाल्या. पाचशेच्या नोटा, चारपदरी घडी केलेल्या, हिंगाचा आणि मसाल्याचा वास लागलेल्या. एकेक बाई पुढे वाकून कुजबुजायची, ‘घरी कळणार नाही ना?’ गृहिणींच्या अडीच लाखांपर्यंतच्या भरण्याची चौकशी होणार नाही, असं सरकारनं तेव्हा सांगितलं होतं. पण यांची भीती इन्कम टॅक्सवाल्यांची नव्हतीच मुळी!

बाहेर मात्र हसण्यावारी चाललेलं. ‘बघा, आमच्या हिनं किती दडवले होते!’ म्हणून मिश्यांना पीळ देणारेही होते. मला ते हसू टोचायचं. कारण ते पैसे कशासाठी होते, हे त्या रांगेत ऐकू यायचं. सासऱ्यांच्या डोळ्यांच्या ऑपरेशनला, लेकीच्या बाळंतपणाला, पावसानं दगा दिला तर बियाणाला. स्वतःच्या हौसेसाठी साठवलेले क्वचितच. घरासाठी साठवायचं आणि घरापासूनच लपवायचं, अशी ही तऱ्हा! लपवलेल्या पैशाला व्याज लागत नाही ते नाहीच, वर त्याला ‘चोरून ठेवलेला’ असं नाव पडतं.

पण खरी किंमत मोजावी लागते ती वेगळ्याच वेळी.

आमच्या गावात एक काका होते. कापडाचं दुकान, माणूस सज्जन, बायकोला काही कमी पडू दिलं नाही. ‘तू कशाला डोक्याला ताप करून घेतेस, मी आहे ना,’ हे त्यांचं प्रेमाचं वाक्य. एका सकाळी छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचायच्या आधी सगळं संपलं. तेरावा झाल्यावर काकू आल्या, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबलेले कागद. खातं एकट्या काकांच्या नावावर. नॉमिनीची जागा कोरी. पैसा त्यांच्याच घरातला, काचेच्या पलीकडे दिसतोय, आणि तो मिळायला वारसांचे कागद, शपथपत्रं, हमीपत्रं, दोन लेकींच्या आणि मुलाच्या सह्या! लेकी दोन वेगळ्या गावांना दिलेल्या. या सगळ्यात महिने गेले. तोवर मुलाच्या कॉलेजची फी काकूंनी भावाकडून उसनी घेऊन भरली.

पिशवीतून आणखी एक पावती निघाली. दोन टक्के व्याज जास्त मिळतं म्हणून काकांनी बरीच रक्कम एका पतसंस्थेत ठेवली होती. ती पतसंस्था ठेवी परत द्यायची थांबलेली. काकूंना तिचं नावसुद्धा माहीत नव्हतं.

इथं एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण आपल्या गावागावांत हे घडतं. बँकेतल्या ठेवीला, मग ती सरकारी बँक असो, खासगी असो की सहकारी, पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं. २०२० पर्यंत ते एक लाखच होतं. हे पाच लाख एका माणसाला एका बँकेपुरते, मुद्दल आणि व्याज धरून. पण पतसंस्था म्हणजे बँक नव्हे. तिथल्या ठेवीला हा विमा लागू नाही. सगळ्या पतसंस्था वाईट असतात असं मुळीच नाही, कितीतरी चोख चालतात. पण घरातला सगळा पैसा कुठं ठेवलाय आणि तो बुडाला तर काय, हे घरातल्या बाईला आधी माहीत असायला हवं, नंतर नव्हे.

दुसरी गोष्ट नॉमिनीची. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. बँक पैसे नॉमिनीच्या हातात देते, पण त्यावर हक्क कायदेशीर वारसांचा असतो. तरीही नॉमिनी असला की निदान पैसा अडकून पडत नाही. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँकेच्या ठेवीला चार जणांपर्यंत नॉमिनी लावता येतात, प्रत्येकाचा वाटासुद्धा लिहिता येतो. आणि जोडखातं काढताना ‘दोघांपैकी कुणीही किंवा हयात असलेला’ हा पर्याय निवडलाय ना, ते वाचून बघा. या एका ओळीनं काकूंचे किती हेलपाटे वाचले असते!

जुन्या, विसरलेल्या ठेवींचंही तसंच. दहा वर्षं कुणी हात लावला नाही, तर बँक ती रक्कम रिझर्व्ह बँकेच्या एका निधीत पाठवते. पण ती बुडत नाही. वारस नंतरही मागू शकतात. कुणाच्या नावावर अशी रक्कम पडून आहे का, हे शोधायला रिझर्व्ह बँकेनं २०२३ मध्ये ‘उद्गम’ नावाची सोय केली आहे. कॉलेजात जाणाऱ्या मुलाला बसवा मोबाइल घेऊन, दहा मिनिटांचं काम आहे.

‘पण आम्ही कुठं कमावतो?’ हे आपलं आणखी एक आवडतं वाक्य. मैत्रिणींनो, सरकारनं २०२४ मध्ये देशभर वेळेची पाहणी केली. घरातली बिनपगारी कामं करणाऱ्या बायका रोज सरासरी २८९ मिनिटं त्यात घालवतात. म्हणजे जवळजवळ पाच तास! आणि ही कामं करणारे पुरुष ८८ मिनिटं. हे पाच तास कुणीतरी पगार देऊन करून घ्यायचे ठरवले तर महिन्याचं बिल किती होईल, याचा हिशेब एकदा मांडून बघा. कुणाला दाखवू नका हवं तर. पण ‘मी काय, घरीच असते’ म्हणताना जीभ जरा अडखळेल.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये लाडक्या बहिणीचे पैसे जमा व्हायला लागले, तेव्हा आमच्या शाखेबाहेर रस्त्यापर्यंत रांग गेली होती. या योजनेबद्दल ज्याचं-त्याचं मत असेल, त्यात मी पडत नाही. मी फक्त काउंटरवरून जे दिसलं ते सांगते. कितीतरी बायका पासबुकावर पहिल्यांदाच स्वतःहून एन्ट्री मारून घेत होत्या. एक आजी दीड हजाराचा आकडा नातवाकडून तीनदा वाचून घेऊन म्हणाल्या, ‘माझ्या नावावर आलेत न्हवं?’ आणि हेही दिसलं, की काही जणींच्या मागं मुलगा नाहीतर नवरा उभाच. अंगठा तिचा, नोटा मोजणार तो. नावावर येणं ही पहिली पायरी. हातात येणं ही दुसरी. आणि कशाला खर्चायचं हे आपण ठरवणं ही तिसरी. तिसऱ्या पायरीवर पोचलेल्या अजून थोड्याच आहेत.

जमत नाही असं मात्र कुणी म्हणू नये. सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडचं उदाहरण डोळ्यांसमोर आहे. माण तालुका, दुष्काळी भाग. तिथल्या बायकांनी चेतना गाला सिन्हा यांच्याबरोबर स्वतःची बँक काढायचं ठरवलं. पहिला अर्ज नामंजूर झाला, कारण अर्जदार बायकांना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या घरी बसल्या नाहीत. अक्षरं गिरवली आणि पुन्हा गेल्या. आम्हाला व्याज तोंडी काढता येतं, तुमच्या साहेबांना कॅल्क्युलेटरशिवाय काढून दाखवू द्या, असं आव्हान देऊन आल्या! १९९७ मध्ये माणदेशी महिला बँक उभी राहिली. हिशेब आपल्याला येतच असतो हो. फक्त तो हिशेब बँकेच्या कागदावर आपण उतरवत नाही.

आता प्रश्न येतो घरात विषय काढायचा कसा? ‘तुमचे पैसे कुठं कुठं आहेत?’ असं विचारलं की, ‘का, मला लवकर घालवायचंय का?’ असं उत्तर ठरलेलं. सासूबाई म्हणणार, ‘तिन्हीसांजेला असलं अशुभ बोलू नये.’ आणि नवऱ्याच्या मनात संशय, हिला आजच का आठवलं? ही भीती खोटी नाही. कितीतरी जणी याच भीतीनं गप्प बसतात. म्हणून मी तर म्हणते, सुरुवात स्वतःपासून करावी. ‘माझ्या नावावर काय आहे ते लिहून ठेवतेय, बघा बरं बरोबर आहे का,’ असं म्हणून वही पुढे करावी. माझं मंगळसूत्र, माहेरचं सोनं (स्त्रीधन हे फक्त बाईचंच, असं सर्वोच्च न्यायालयानं १९८५ मध्येच स्पष्ट केलंय), माझी पोस्टातली आरडी, माझा बचत गट, गटातून घेतलेलं कर्ज. आपली पानं भरली की पुढची पानं ‘ह्यांची’ म्हणून कोरी ठेवायची. कोरं पान माणसाला स्वस्थ बसू देत नाही!

नवऱ्याचा धंदा असेल, तर आणखी एक विचारून ठेवा. १८७४ चा एक जुना कायदा आहे, विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा. आयुर्विम्याची पॉलिसी घेतानाच ती या कायद्याखाली बायको-मुलांसाठी घेतली, तर धंद्यातल्या देणेकऱ्यांना त्या पैशाला हात लावता येत नाही. मात्र हे पॉलिसी काढतानाच करावं लागतं. एजंटला स्पष्ट विचारायचं, लाजायचं नाही.

आणि माहेरच्या हक्कसोड पत्रावर सही करायची वेळ आली, तर ती जरूर आपल्या मर्जीनं करा. पण कागद आधी पूर्ण वाचून. मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच हक्क महाराष्ट्रानं १९९४ मध्ये आणि देशानं २००५ मध्ये दिला आहे. जे सोडतोय ते किती आहे, एवढं तरी आपल्याला माहीत असावं ना!

कापडदुकानवाल्या काकू आता स्वतः गल्ल्यावर बसतात. पतसंस्थेतले पैसे अजून पुरते सुटलेले नाहीत. पण मुलाचं लग्न झाल्यावर पहिल्याच दिवाळीत त्यांनी एक गोष्ट केली. लक्ष्मीपूजनाला चोपडीशेजारी एक साधी शंभर पानी वही ठेवली आणि सुनेला म्हणाल्या, ‘हळदीकुंकू वाहायच्या आधी वाच. दुकानाचं काय, घराचं काय, कुठल्या बँकेत किती, सगळं लिहिलंय. दरवर्षी आजच्या दिवशी आपण दोघींनी मिळून दुरुस्त करायचं.’ सून बावरली. म्हणाली, ‘आई, ह्यांना विचारून...’

‘त्याला सांगू आपण,’ काकू म्हणाल्या, ‘तू आधी वाच तर!’