कणीक मळायला फूड प्रोसेसर घेताय? आधी एवढं बघून घ्या

रमजान जवळ आला की घराघरात एकच हिशोब सुरू होतो. सहरीला पराठे, इफ्तारला समोसे, मधेच पाहुणे. अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीसारख्या गावात आठ-दहा माणसांचं एकत्र घर असेल, तर एका वेळेला किलोभर कणीक सहज लागते. किलोभर पिठात साधारण 30 ते 35 चपात्या होतात. पहाटे उठून ती मळणारे हात बहुतेक वेळा एकाच बाईचे असतात, आणि रोजा तिचाही असतो. म्हणून असं मशीन घेणं ही चैन आहे असं आम्हाला वाटत नाही. पण चुकीचं मशीन आलं, तर हजारो रुपये माळ्यावर धूळ खात पडतात.

आधी पीठ बघा

गव्हाच्या पिठात आणि मैद्यात पाणी घालून मळलं की ग्लुटेन तयार होतं, त्यामुळे कणीक ताणली जाते. हे काम मशीन छान करतं. ज्वारी-बाजरीत ग्लुटेन नसतं. भाकरीचं पीठ गरम पाण्यात, हातानेच मळावं लागतं. घरात रोज भाकरीच होत असेल, तर या मशीनचा उपयोग कमी.

भांडं किती मोठं?

डब्यावर लिटर लिहिलेले असतात, त्यावर जाऊ नका. दुकानदाराला विचारा, "एका वेळी पीठ किती मळतं?" अर्धा किलो मळत असेल, तर किलोभरासाठी दोन घाण काढावे लागतील. कणीक मळायचं पातं वेगळं येतं, ते सोबत आहे का बघा. मिक्सरच्या चटणीच्या भांड्यात कणीक मळू नका, मोटरवर ताण येतो.

वॅट आणि व्होल्टेज

घट्ट कणकेला ताकदीची मोटर लागते. 600 वॅटचं मशीन पाच मिनिटं चाललं तरी वीज 0.05 युनिट जाते, म्हणजे बिलाची चिंता नको. खरी अडचण कमी व्होल्टेजची. मोटर अडखळते, तापते. म्हणून ओव्हरलोडचं बटण असलेलंच मशीन घ्या. मोटर तापून बंद पडली तर ती थंड होऊ द्या, मगच बटण दाबा. पहाटे लाईटचा भरवसा नसेल, तर तरावीहनंतरच कणीक मळून झाकून फ्रिजमध्ये ठेवा.

मळायचं कसं?

आधी पीठ-मीठ घाला, मग झाकणातल्या तोंडातून पाणी थोडं थोडं सोडा. गोळा जमला की लगेच बंद करा. जास्त फिरवलं तर कणीक गरम होते. वीस मिनिटं झाकून ठेवली की मऊ पडते.

दुकानात काय विचाराल?

सर्व्हिस सेंटर जालन्यात आहे की छत्रपती संभाजीनगरला? भांडं आणि कपलर सुटे मिळतात का? आयएसआय चिन्हाखालचा परवाना क्रमांक बीआयएस केअर ॲपवर तपासता येतो.

हप्त्यावर घेताना

"झिरो टक्के व्याज" ऐकून सही करू नका. शून्य टक्के व्याज असं काही नसतंच, हे रिझर्व्ह बँकेने 2013 मध्येच बँकांना बजावलं होतं. व्याज बऱ्याचदा प्रोसेसिंग फीमध्ये किंवा न मिळालेल्या सवलतीत दडलेलं असतं. रोखीचा भाव आणि हप्त्यांची बेरीज शेजारी शेजारी लिहून बघा. फरक निघाला, तर तो व्याजात मोडतो का, हे आपल्या आलिमांना विचारा. दोन महिने पैसे साठवून रोखीने घेतलेलं केव्हाही बरं.

शेवटी एक गोष्ट घरातल्या पुरुषांसाठी. हुजूर (स.) घरकामात हात लावत असत, असं हजरत आयशा (रजि.) यांच्या रिवायतीत येतं. मशीन आणून दिलं म्हणजे जबाबदारी संपली असं नाही. पीठ मोजून घालणं आणि नंतर भांडं धुणं, एवढं तर आपल्यालाही जमतं.