श्वान-निर्बीजीकरणाचा खर्च : हिशेबाचे योग्य एकक कोणते ?

एका कुत्र्याच्या निर्बीजीकरणास किती खर्च येतो, हा प्रश्न वरकरणी साधा दिसतो. शस्त्रक्रियेचा दर घ्यावा, त्यास कुत्र्यांच्या संख्येने गुणावे, की उत्तर हाती आले, अशी सर्वसामान्य समजूत असते. तथापि ‘दर कुत्र्यामागे रुपये’ हे एकक खाजगी मालकास पुरेसे असले, तरी सार्वजनिक कार्यक्रमाच्या मूल्यमापनास ते अपुरे, किंबहुना दिशाभूल करणारे ठरते, असे प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे.

प्रथम खाजगी खर्चाचा विचार करू. नराचे वृषण शरीराबाहेर असल्याने ते काढणे तुलनेने सोपे असते; मादीचे मात्र उदर उघडून अंडाशय व बहुधा गर्भाशयही काढावे लागते. त्यामुळे तिच्या शस्त्रक्रियेस वेळ, भूल व कौशल्य ही तिन्ही अधिक लागतात. भुलीच्या औषधाचे प्रमाण वजनावर ठरत असल्याने मोठ्या जातीच्या कुत्र्याचा खर्चही वाढतो. नको असलेली वीण टळणे, मादीच्या गर्भाशयात पू होण्याचा पुढील धोका टळणे, हे लाभ मुख्यतः पैसे देणाऱ्या मालकासच मिळतात. येथे खर्च व लाभ यांची सांगड सहज घालता येते.

रस्त्यावरील कुत्र्याची गोष्ट निराळी आहे. प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० खाली २००१ मध्ये श्वान-प्रजनन नियंत्रणाचे नियम झाले व २०२३ मध्ये त्यांची जागा नव्या नियमांनी घेतली. या पद्धतीत कुत्रा पकडणे, वाहून नेणे, शस्त्रक्रिया करणे, रेबीजची लस टोचणे, कानास खूण करणे, जखम भरेपर्यंत सांभाळणे व सामान्यतः पकडल्या जागीच परत सोडणे, इतक्या क्रिया अंतर्भूत असतात. केंद्राच्या एका पूर्वीच्या अनुदान-योजनेत दर कुत्र्यामागे ४४५ रुपये धरले होते. त्यांपैकी ३७० रुपये शस्त्रक्रियेच्या आधीची व नंतरची देखभाल आणि औषधे यांसाठी, तर ७५ रुपये पकडणे व परत सोडणे यांसाठी होते. दर अपुरा असला म्हणजे काटछाट कोठे होते, हे पाहण्यासारखे आहे. शस्त्रक्रिया अर्धी करता येत नाही. सांभाळण्याचे दिवस मात्र कमी करता येतात. टाके उसवलेला कुत्रा गल्लीत परतला, की त्याचा खर्च वहीत दिसत नाही. तो त्या मुक्या जनावरावर पडतो, आणि पुढच्या वेळी कुत्री धरून देण्यास रहिवासी तयार होत नाहीत.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. स्पष्टीकरणासाठी १,००० कुत्र्यांचा एक विभाग कल्पू, आणि शस्त्रक्रियेनंतर कुत्रा सरासरी ३ वर्षे जगतो असे गृहीत धरू. दरवर्षी १०० शस्त्रक्रिया केल्या, तर दहा वर्षांत त्यांची संख्या १,००० भरेल. परंतु जुनी कुत्री मरत राहिल्याने कोणत्याही वेळी जिवंत असलेल्या निर्बीज कुत्र्यांची संख्या १०० गुणिले ३, म्हणजे ३०० च्या पुढे जाणार नाही. वार्षिक अहवालातील एकूण आकडा फुगत जाईल, प्रमाण मात्र ३० टक्क्यांवरच अडेल. उरलेल्या माद्यांना वीण होत राहील. शिवाय पिले कमी झाली की जगणाऱ्या पिलांस अन्न अधिक मिळून त्यांचा मृत्युदर घटतो. अशा कार्यक्रमांत सामान्यतः ७० टक्के हे उद्दिष्ट मानले जाते. ते गाठून टिकवावयाचे, तर प्रारंभीच ७०० शस्त्रक्रिया व नंतर दरवर्षी सुमारे २३३ कराव्या लागतील. दहा वर्षांत सुमारे २,८०० होतील. म्हणजे खर्च पावणेतीन पटींहून अधिक येईल. पण तो फलदायी होईल. पहिल्या मार्गातील स्वस्ताई ही केवळ कागदावरची होय.

निधी मर्यादित असल्यास तो साऱ्या शहरावर पातळ पसरण्याऐवजी नदी, रेल्वेमार्ग किंवा महामार्ग यांनी वेगळा पडलेला एक विभाग आधी पूर्ण करणे आणि त्यात माद्यांना अग्रक्रम देणे इष्ट, हा या हिशेबाचा सरळ निष्कर्ष आहे. थोडे नर शाबूत राहिले तरी वीण थांबत नाही, हे येथे विसरता कामा नये.

लसीकरणाचा खर्च मात्र वेगळा मांडला पाहिजे. रेबीजची साखळी तोडण्यास कुत्र्यांपैकी ७० टक्क्यांचे लसीकरण आवश्यक, हे जागतिक आरोग्य संघटनेचे सूत्र आहे. लस शस्त्रक्रियेवाचूनही देता येते, आणि तिचा प्रभाव टिकविण्यासाठी ती पुन्हा पुन्हा द्यावी लागते. पकडण्याचा खर्च दोहोंस समाईक आहे. तो सर्वस्वी निर्बीजीकरणाच्या नावे टाकला, तर शस्त्रक्रिया महाग भासते, आणि निधीअभावी ती थांबली म्हणजे तिच्याबरोबर लसीकरणही थांबते. लक्षणे दिसू लागल्यावर रेबीज जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो, आणि त्याचे बळी बहुधा गरीब घरांतील, त्यांतही पुष्कळदा मुले, असतात.

सारांश, सार्वजनिक हिशेबाचे योग्य एकक ‘एक कुत्रा’ हे नसून ‘ठरावीक प्रमाण गाठून टिकविलेला एक विभाग’ हे होय. निविदेत कमी दर कोणाचा, याआधी त्या रकमेत प्रमाण किती काळ टिकेल, हे विचारले गेले पाहिजे.