बिनतारी फॉलो फोकस

बिनतारी फॉलो फोकस हे कॅमेऱ्याच्या लेन्सवरील फोकसचे कडे रेडिओ लहरींच्या साहाय्याने दुरून फिरवण्याचे साधन आहे. पात्र कॅमेऱ्याजवळ येते वा दूर जाते तेव्हा ते सुस्पष्ट ठेवण्याची जबाबदारी पहिल्या साहाय्यक छायालेखकाची असते. मुंबईच्या चित्रसृष्टीत त्याला ‘फोकस पुलर’ म्हणतात.

गॅरेट ब्राउन यांनी विकसित केलेला स्टेडिकॅम १९७६ च्या ‘बाउंड फॉर ग्लोरी’ या चित्रपटात वापरला गेला. अशा तोलून धरलेल्या कॅमेऱ्याला हात लावला की त्याचा तोल बिघडतो. त्यामुळे लेन्स दुरून फिरवण्याची सोय अपरिहार्य ठरली. गिंबल, क्रेन आणि ड्रोन यांनाही हेच लागू पडते.

रचना

फोकस पुलरच्या हातातील नियंत्रक, कॅमेऱ्यावरील ग्राहक आणि लेन्स फिरवणारी मोटर हे या साधनाचे मुख्य भाग होत. काही संचांत ग्राहक मोटरमध्येच सामावलेला असतो.

जुळवणी

मोटर सामान्यतः १५ किंवा १९ मिलिमीटर व्यासाच्या दांड्यांवर बसवतात. चित्रपटासाठी बनवलेल्या लेन्सच्या कड्याला ०.८ मॉड्यूलचे दाते असतात. छायाचित्रणाच्या लेन्सवर दात्यांचे वेगळे कडे चढवावे लागते. मोटरचे दंतचक्र लेन्सच्या दात्यांत सैल बसले तर दिशा बदलताना फोकस मागे राहतो, अति घट्ट बसले तर लेन्सवर ताण येतो. काही लेन्स फोकस करताना लांब होतात. तेथे दाते एकमेकांतून निसटणार नाहीत इतके रुंद दंतचक्र हवे.

नियंत्रक व ग्राहक एकाच वाहिनीवर आणल्यावर अंशांकन करतात. यात मोटर कडे दोन्ही टोकांपर्यंत फिरवून त्याच्या मर्यादा नोंदवते. अनेक आधुनिक छायाचित्रण लेन्सचे कडे मात्र कोठेच अडत नाही. तेथे स्वयंचलित अंशांकन निरुपयोगी असून दोन्ही टोके हाताने ठरवावी लागतात. जुन्या, नाजूक लेन्ससाठी मोटरचा जोर आधी कमी करणे इष्ट. लेन्स बदलली की अंशांकन पुन्हा करावे लागते.

यानंतर नियंत्रकाच्या चाकावरील पांढऱ्या पट्टीवर अंतरांच्या खुणा लिहितात. ही अंतरे लेन्सच्या पुढील काचेपासून नव्हे, तर सेन्सरच्या प्रतलापासून मोजतात. बहुतेक कॅमेऱ्यांवर ते प्रतल उभी रेघ छेदणाऱ्या वर्तुळाने दाखवलेले असते. मोजपट्टी चुकीच्या ठिकाणी धरली तर जवळच्या दृश्यात त्याचा फटका लगेच बसतो. फुल-फ्रेम सेन्सर, ८५ मिलिमीटरची लेन्स आणि एफ १.४ इतके छिद्र असेल, तर दोन मीटरवर स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम साडेचार सेंटीमीटरांचा असतो. डोळे स्पष्ट दिसत असताना कान धूसर होतात. चित्रीकरणात हुकलेला फोकस संकलनात खऱ्या अर्थाने परत आणता येत नाही.

अनेक संच २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात चालतात. वाय-फायही याच पट्ट्याचा वापर करत असल्याने गर्दीच्या ठिकाणी संदेशात अडथळा येऊ शकतो; अशा वेळी दुसरी वाहिनी निवडून, प्रत्यक्ष चित्रीकरणाइतक्या अंतरावरून चाचणी घेतात.